विहिरीत वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण: माती खडकापासूनच होते का? आणि रावेर-यावलकडे खडक का लागत नाही?

हो, धुळे-साक्रीकडच्या तुमच्या विहिरीत दिसतो तो क्रम म्हणजे माती होण्याचे टप्पेच, फक्त उलटे. तळाचा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. त्याच्या भेगांत पाणी शिरतं आणि दगड कडांकडून कुजत जातो. विहिरीच्या भिंतीत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे दिसतील, ते नीट बघा. आतला गाभा टणक, बाहेरचं हातानं चुरतं. तोच चुरा म्हणजे मुरूम.

पुढचं काम रसायनाचं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. त्यानं बेसॉल्टमधली खनिजं बदलून स्मेक्टाइट ही चिकणमाती तयार होते. ती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा. सुटलेला चुना खाली चुनखडीचे खडे होऊन बसतो. (काळा रंग म्हणजे कर्ब भरपूर, असं मात्र समजू नका. आपल्याकडे तो बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो.)

रावेर-यावलची गोष्ट वेगळी. तिथली माती जागेवर झालेली नाही, तापी आणि सातपुड्यातल्या नाल्यांनी आणून टाकलेली आहे. गाळाचा थर शेकडो फूट जाड, म्हणून खडक लागत नाही. केळीला ती मानवते ते उगाच नाही.