नवा प्राणी सापडला तर त्याला स्वतःचं नाव देता येतं का?

नियमांत तशी बंदी नाही, पण अभ्यासकांमध्ये ते शोभत नाही. शिवाय नाव ठेवण्याचा मान प्राणी सापडलेल्याला मिळतोच असं नाही. तो जवळच्या जातींहून वेगळा कसा, हे दाखवून जो शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करतो, त्यानं नाव ठेवायचं. मग तो कुणाची तरी आठवण ठेवतो.

आमच्या गोव्याच्या जंगलात मातीखाली राहणारा एक काळा, बिनविषारी खापरखवल्या साप आहे. वर्षानुवर्षं तो दुसऱ्याच जातीचा म्हणून गणला गेला. 2016 मध्ये तो वेगळा ठरला आणि पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान उभारणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांच्यावरून त्याचं नाव पडलं मेलॅनोफिडियम खैरेई. सापांपायी आयुष्य वेचलेल्या माणसाचं नाव सापालाच मिळावं, याहून मोठा सत्कार मला सुचत नाही.

चोडणच्या पक्षी अभयारण्याला सलीम अलींचं नाव आहे, हे गोव्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्यांच्या नावाचं एक वटवाघूळही आहे. 1948 मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात ते मिळालं, तेव्हा नेहमीचंच समजून संग्रहात पडून राहिलं. 1972 मध्ये थायलंडच्या किट्टी थाँगलाँग्या यांनी ते नवं असल्याचं ओळखून त्याला लॅटिडेन्स सलीमअलीई म्हटलं. दोनच वर्षांनी थाँगलाँग्या वारले, आणि त्यांनी शोधलेल्या इवल्याशा वटवाघळाला दुसऱ्या अभ्यासकानं त्यांचं नाव दिलं. ही परंपरा मला फार आवडते.

नाव विकलंही जातं. 2005 मध्ये बोलिव्हियातल्या एका नव्या माकडाचं नाव ठेवायचा हक्क एका ऑनलाइन कॅसिनोनं 6,50,000 डॉलरला घेतला आणि माकडाला स्वतःचंच नाव दिलं. पैसे तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणासाठी गेले, ते चांगलंच झालं. पण मांडवीतले कॅसिनो रोज बघणाऱ्या मला ते नाव रुचत नाही.

गोव्यात सापडलेल्या एका चतुराला आणि एका बेडकाला गोमंतकाचं नाव मिळालंय, याचा अभिमान आहेच. तरी रात्रीबेरात्री अभ्यासकांना ओहोळापर्यंत नेणाऱ्या गावकऱ्यांपैकी कुणाचं नाव एखाद्या जातीला लागावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला खरंच काही वेगळं दिसलं असेल तर पकडू नका. फोटो, जागा, तारीख आणि वेळ नोंदवा, आणि गोवा विद्यापीठाच्या प्राणीशास्त्र विभागात दाखवा.