लग्न ठरलं म्हणून गोळी सोडू नकोस

बाळ,

तुझा निरोप दोनदा वाचला. आई म्हणते, चौदा महिने फिट आली नाही, आता लग्न ठरलंय, गोळी बंद कर. मैत्रिणीने पाठवलेल्या मजकुरात लिहिलंय की या गोळीने बाळात व्यंग येतं, म्हणून बंद कर. मावशीने तर अमावस्येला पुडी देणाऱ्याचा पत्तासुद्धा काढून ठेवलाय. तिघींची कारणं वेगळी, सल्ला एकच. आणि तू विचारतेस, काका, आजपासून अर्धी करू का?

नाही. अर्धी नाही, पाव नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही. हे वाक्य पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळलीस तरी चालेल.

मैत्रिणीचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणून आधी तेच घेतो. तू सोडियम व्हॅल्प्रोएट ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेतेस. गरोदरपणी हे औषध चालू असेल तर साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मजात व्यंग दिसतं. मणका नीट न मिटणं, टाळू फाटलेली असणं, हृदयाचे दोष. औषध न घेणाऱ्या आईच्या बाबतीत हा आकडा २ ते ३ असतो. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलं बोलायला, चालायला, शिकायला मागे पडतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. आणि बाळाचा मणका गर्भ राहिल्यापासून चारएक आठवड्यांत मिटतो, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत तो काळ जवळजवळ सरलेला असतो. ‘दिवस गेले की बघू’ हे म्हणूनच चालत नाही. गोळी बदलायची ती त्याआधी.

पण बदलायची, बंद करायची नव्हे. तुझ्या फाइलवर जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असं लिहिलंय. सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून चहाचा कप उडायचा, ते त्याचंच लक्षण. ही अपस्माराची जात औषधाला छान दाद देते आणि औषध सोडलं की बहुतेकांत परत येते. दोन वर्षं फिट नसेल तर हळूहळू कमी करून बघू असं डॉक्टर काही रुग्णांना सांगतात. या प्रकारात मात्र तेही सहसा सांगत नाहीत, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं गोळी लागते. आईचे चौदा महिने गोळीने मिळवलेले आहेत. त्यावरून आजार गेला असं ठरत नाही.

एकदम सोडलं तर काय होतं तेही ऐक. व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण ९ ते १६ तास लागतात. पहिल्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही, आणि घरचे म्हणतात, बघ, उगीच घाबरत होतीस. तोवर औषध जवळपास संपलेलं असतं. मग येते ती फिट कधी कधी एकटी येत नाही. एकीला लागून दुसरी येते, मध्ये शुद्धच येत नाही. यात जीव जातो. गरोदरपणात असं झालं तर आईबरोबर पोटातल्या बाळाचाही.

बदल कसा होतो हे कळलं तर तुझा धीर सुटणार नाही. जुनी गोळी तशीच ठेवून नवी छोट्या डोसने सुरू करतात, टप्प्याटप्प्याने वाढवतात, ती अंगी लागली की मगच जुनी थोडी थोडी उतरवतात. मधले काही आठवडे दोन्ही चालू असतात. त्या दिवसांत झोप जास्त येते, गरगरतं. त्याला घाबरून मधेच एखादी सोडू नकोस. सगळं मिळून काही महिने जातात. लग्न तुळशीच्या लग्नानंतर असेल तर आत्ता आषाढातच जायला हवं, कार्तिकात धावपळ करून भागणार नाही.

तुझ्या प्रकाराला बहुधा लेव्हेटिरासिटॅमचा विचार होईल. बाळाच्या दृष्टीने ते व्हॅल्प्रोएटपेक्षा पुष्कळ सुरक्षित. त्याची एक खोड आहे, काही जणांना त्याने चिडचिड होते, रडू येतं, मन उदास राहतं. नव्या सुनेला असं झालं की सासरी तो तिचा स्वभाव ठरतो. तसं वाटलं तर आठवडाभरात डॉक्टरांना कळव, आणि जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर त्याच दिवशी. दुसरं औषध लॅमोट्रिजिन. व्हॅल्प्रोएट सोबत असताना त्याची रक्तातली पातळी दुपटीने चढते, म्हणून पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, पुढचे दोन आठवडे रोज २५, अशी मुंगीच्या पावलाने सुरुवात असते. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं आणि क्वचित ते जिवावर बेततं. पुरळ आलं, त्यात ताप असेल, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लॅमोट्रिजिनने काही जणांच्या हाताचे झटके वाढतातही. चुलतभावाच्या कार्बामाझेपिनच्या गोळ्या घरात आहेत म्हणालीस. त्यांना हात लावू नकोस. त्याच्या फिट्सना त्या बऱ्या, तुझे झटके त्यांनी वाढू शकतात. फिनिटॉइन या फिटच्या दुसऱ्या गोळीचंही तेच.

बदल पुरा होईपर्यंत पाळणा लांबवायचा. हे लाजून सोडण्यासारखं नाही, डॉक्टरांना सरळ विचार. फॉलिक अॅसिडही आधीपासून लागतं, अपस्माराच्या बाईला बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी लिहितात. आणि समजा हे सगळं राहून गेलं आणि दिवस गेले, तरीही स्वतःहून बंद नाही. त्याच दिवशी फोन, त्याच आठवड्यात भेट.

आता रोजचं. सकाळी आठ, रात्री आठ, जेवणानंतर. चावायची नाही, कुटायची नाही, कारण तिच्यातलं औषध हळूहळू सुटावं अशीच ती बनवलेली असते. या गोळीला ओल अजिबात सोसत नाही, आणि आपल्याकडे खानापूर-बेळगावच्या पावसात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. म्हणून प्लास्टिकच्या सात खणांच्या डबीत सुट्या गोळ्या काढून ठेवू नकोस. कात्रीने पट्टीचे तुकडे कर, गोळी वेष्टनातच राहू दे, ते तुकडे डबीत ठेव. सकाळची विसरलीस आणि दुपारी आठवलं तर लगेच घे. रात्रीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून दे. दोन एकदम कधीच नाही. उपवासाच्या दिवशी केळं किंवा दूध पोटात घालून गोळी घे. गोळीने एकादशी मोडत नाही.

पट्टी संपायला दहा दिवस उरले की नवी आण. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग पाण्याखाली गेला होता, तुला आठवत असेल. सासर पलीकडच्या बाजूला, म्हणजे पावसाळ्यात महिनाभराची गोळी घरात हवीच. कंपनी बदलू नकोस. बेळगावात एक, कोल्हापुरात दुसरी, असं झालं की मात्रा तीच असूनही रक्तातली पातळी थोडी हलू शकते, आणि तेवढ्यावर एखाद्याला फिट येते. मी चिठ्ठीशिवाय पट्टी देत नाही, चिठ्ठीतली कंपनी नसेल तर मागवून देतो पण दुसरी खपवत नाही, म्हणून गल्लीत मला खडूस म्हणतात. म्हणोत की. सर्दीच्या गोळीत वाद घालणार नाही, यात घालणार. काउंटरवर गर्दी असते, माणशी दोन मिनिटंही मिळत नाहीत, ‘वेळेवर घ्या’ एवढंच बोलून होतं. तू विचारलंस म्हणून एवढं लांबलं.

कुठल्याही दवाखान्यात गेलीस की आधी फिटची गोळी चालू आहे हे सांग. जुलाबावर सर्रास देतात ती ऑफ्लॉक्सासिन, लघवीच्या जळजळीवरची सिप्रोफ्लॉक्सासिन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, यांनी फिटची शक्यता वाढते. तापाला पॅरासिटामॉल घे, अॅस्पिरिन नको. दाखल व्हायची पाळी आली तर मेरोपेनेम या अँटिबायोटिकचं नाव लक्षात ठेव. ते दिलं की व्हॅल्प्रोएटची पातळी कोसळते. औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि वेळ एका कार्डावर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहून पाकिटात ठेव. तू बेशुद्ध असताना बोलणार ते कार्डच.

केस गळणं, वजन वाढणं, हात किंचित थरथरणं, पाळी पुढेमागे होणं, हे पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल. उलट्या थांबत नाहीत, पोटात कळ मारतेय, डोळे पिवळे झालेत, नुसती गुंगी आहे, अंगावर उगीच काळेनिळे डाग पडतायत, यांतलं काही असेल तर थांबायचं नाही.

पुडीबद्दल एवढंच, अशा काही पुड्या तपासल्यावर त्यांत फिनोबार्बिटोन सापडलंय. म्हणजे झाडपाल्याच्या नावाखाली फिटचंच औषध, पण मात्रा किती ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही.

आणि सासरच्यांपासून आजार लपवण्याबद्दल. लपवून घेतलेली गोळी चुकते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात आठ वाजता पर्स उघडायची चोरी, मग नऊ, मग राहिलंच. त्यात लग्नाचा आठवडा, हळद, वरात, जागरण-गोंधळ, पहाटे गाडी काढून सौंदत्तीला यल्लम्मा नाहीतर जोतिबा. तुझ्या प्रकाराला अपुऱ्या झोपेइतकं वाईट काहीच नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांना तू रात्रभर जागलीस, त्याच्या दुसऱ्या सकाळी काय झालं होतं ते आईलाही माहीत आहे. गोंधळाला अकरापर्यंत बस आणि झोपायला जा, आणि हे सांगता यावं म्हणून निदान नवऱ्याला आधी माहीत हवं. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हा शब्द १९९९ सालीच काढून टाकलाय, त्या कारणावर लग्न रद्द होत नाही. लपवाछपवीवरून मात्र पुढे भांडण उकरता येतं. नवरा ऐकून मागे सरला तर? सरू दे. हे कठोर वाटेल, पण आधी सरलेला बरा.

त्याला शिकवायचं ते थोडकं आहे. फिट आली की कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काही घाल, घड्याळ बघ. तोंडात चमचा नको, हातात किल्ल्या नकोत, नाकाला कांदा नको, चप्पल नको, पाणी नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा घरात ठेवावा का, हेही डॉक्टरांना विचार.

बेळगावचं बिम्स रुग्णालय असो, केएलई असो, जिथे तुझी फाइल आहे तिथेच याच आठवड्यात जा. नवऱ्याला नेता आलं तर ने, नाहीतर आईला ने, म्हणजे चौदा महिन्यांचा हिशेब ती डॉक्टरांकडूनच ऐकेल. तीन प्रश्न कागदावर लिहून ने: व्हॅल्प्रोएट बदलायची का आणि कशी, फॉलिक अॅसिड कधीपासून, पाळणा कशाने आणि किती लांबवायचा. ते काय म्हणाले ते चिठ्ठीवरच लिहून घे आणि चिठ्ठी घेऊन इकडे ये, टप्पे कॅलेंडरवर मांडून देतो. तोवर आज रात्री आठची ५०० घे. उद्या सकाळची पण.

तुझा,
औषधवाला काका