कोंबड्यांचे हाल न करता अंड्यांचा धंदा करता येतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातली नोकरी सोडून गावच्या दीड एकरात मोकळ्या कोंबड्या पाळायच्यात, पिंजरा नको, हाल नकोत आणि तरी घर चाललं पाहिजे, जमेल का? मी सहा वर्षं भोरकडे हेच करतोय. जमतं. फक्त पहिल्या वर्षी नोकरी सोडू नका.

पिंजऱ्याचं तुम्हाला माहीत असेलच. लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यात एका पक्ष्याच्या वाट्याला साधारण ४५० ते ५५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदाहूनही कमी. पिंजरा काढून टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. नर पिल्लांचं काय करणार, हे आधी ठरवा. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावतात. तुम्ही नुसत्या माद्या मागवल्यात, तर रान कितीही मोकळं असो, ते पाप तुमच्याही खात्यावर पडतं.

म्हणून मी वनराजा, कावेरी अशा अंडी आणि मांस दोन्हींसाठीच्या जातींची नर-मादी मिश्र पिल्लं घेतो आणि ती फेब्रुवारीतच आणतो. पाच महिन्यांत कोंबडे तयार होतात ते नेमके आखाडात. त्या पंधरा दिवसांत मागेल तो भाव मिळतो. गंमत अशी की तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर येतात त्या ऐन श्रावणात! तेव्हा सोसायट्यांमधली निम्मी गिऱ्हाइकं गायब. मला जिमवाल्या पोरांनी तारलंय, ती श्रावण पाळत नाहीत.

कोंबडे मारले जाणारच आहेत, हे स्वतःशी स्पष्ट बोला. पण त्यांना मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलटं लटकवत नेणं आपल्याला टाळता येतं. प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशी वाहतूक करणं १९६०च्या कायद्याने गुन्हाच आहे, रस्त्यावर मात्र रोज दिसतं. मी रात्री अंधारात पकडतो, पंखांवरून दोन्ही हातांनी धरून. अंधारात पक्षी फडफडत नाही. मग जाळीच्या क्रेटमध्ये आठ-आठ, आणि दुकान अर्ध्या तासाच्या अंतरावर.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या बॅचला मी लस दिली नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे औषध नाही, असं डोक्यात बसलं होतं. उन्हाळ्यात मानमोडी (राणीखेत) रोगाची साथ आली. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर एक कोंबडी मान पिरगळून गोल गोल फिरत होती, तुसावर सगळीकडे हिरवट पातळ विष्ठा. आठ दिवसांत शंभरातले साठ पक्षी गेले. पिंजऱ्यातल्या कोंबडीचे झाले नसते एवढे हाल माझ्या मोकळ्या कोंबड्यांचे झाले. आता पहिल्या आठवड्यात मानमोडीवरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात आणि आठव्या आठवड्यात मानमोडीच्याच लशीचं इंजेक्शन चुकत नाही.

पैशाचं बघू. माझ्याकडे १२० कोंबड्या आहेत. रोजचं खाद्य १४ किलो, किलोला ३४ रुपये, म्हणजे पावणेपाचशे. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला पन्नासेक अंडी, कारण मधे खुडूक बसतात (अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसतात), पिसं गाळतात. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, माझी दीडशे. नुसत्या खाद्याचेच एका अंड्याला साडेनऊ रुपये झाले. वर लस, तूस, मजुरी, ट्रे, पेट्रोल आणि मुंगसाचा वाटा. मी १८ला विकतो. एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, जाहीर करते तो अंड्यांचा रोजचा दर बघणं मी सोडलंय. तो बघितला की कुठेतरी काटछाट करावीशी वाटते, आणि काटछाट होते ती कोंबडीच्याच वाट्याची. पण पन्नास अंड्यांवर घर चालत नाही, हेही बघा. घर चालायला तीनेकशे कोंबड्या तरी लागतील, आणि तेवढी अंडी रोज १८ने घेणारी माणसं आधी जमवावी लागतील.

गिऱ्हाईक तपकिरी कवच बघून ‘गावरान’ म्हणतं. कवचाचा रंग जातीवर असतो, आणि चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडीही बाजारात येतात. म्हणून महिन्यातून एका रविवारी मी लोकांना रानात बोलावतो. मुलं कोंबड्यांमागे धावतात, आया अंडी वेचतात, आणि कोणीतरी हमखास विचारतं, “म्हाताऱ्या झाल्या की काय करता?”

दोन हंगामांनंतर बहुतेक विकतो, रश्शासाठी. तेही रात्री, क्रेटमधूनच. पंधरा-वीस ठेवतो, कारण नवी पिल्लं त्यांच्यामागे फिरून रान शिकतात. हे ऐकून दोन कुटुंबांनी माझ्याकडची अंडी बंद केली. बाकीची अजून घेतात.