देवाला 'अहो' का नाही?

लाडक्या सोनू,

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून परतताना तू गाडीत विचारलंस, "आई, फादरना तू 'तुम्ही' म्हणतेस, माझ्या टीचरनाही 'तुम्ही'. मग देवाला 'तू' कसं चालतं? त्याला राग नाही येत?" तुझ्या कपाळावरच्या क्रुसाची थोडी राख नाकाच्या शेंड्यावर सांडली होती. ती पुसायच्या नादात तुझं उत्तर राहूनच गेलं.

तू मला 'ए आई' म्हणतेस ना? उद्या 'अहो आई' म्हणालीस, तर माझ्या काळजात धस्स होईल, पोरगी रुसली की काय! मराठीत मान द्यायचा त्याला 'तुम्ही', पण ज्याच्या कुशीत शिरायचं त्याला 'तू'. तुकोबा विठ्ठलाशी असंच बोलले, भांडलेसुद्धा. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण ही बोली टाकली नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. ख्रिस्तालाही ते 'माउली' म्हणाले.

आणि प्रभू येशू? पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो जिवाच्या आकांताने प्रार्थना करत होता. तेव्हा त्याच्या तोंडून हाक आली ती 'अब्बा', म्हणजे बाबा. मार्कने येशूची कथा सांगणारं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं, पण ही हाक येशूच्या घरच्या अरामी बोलीतच राहू दिली. मला ती ओळ वाचताना दर वेळी भरून येतं. जीव घाबरला की माणूस घरच्याच भाषेत हाक मारतो गं.

म्हणून रात्रीची प्रार्थना मराठीत कर असं मी म्हणते. धर्मशिक्षणाच्या वर्गात तू दहा आज्ञा आणि सात संस्कार इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवतेस, त्याचं मला खूप कौतुक आहे. ते यायलाच हवं. पण देवासमोर तू परीक्षेला बसल्यासारखी उभी राहू नयेस, एवढंच वाटतं.

उपवासकाळात कोण काय सोडणार, ते वर्गातल्या फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढे लिहिलंय म्हणालीस. खरं सांगू? मला ते नाही रुचलं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळूही देऊ नकोस. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. दानधर्माचंही तसंच, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. टॅब्लेट सोडलास तर उत्तमच, पण तो वाचलेला वेळ कुणाला देणार, ते मलाही सांगू नकोस.

रविवार सोडून चाळीस दिवस आहेत, घाई नाही. आज रात्री दार लोटून घे आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सावकाश म्हण. 'तुझे नाव' म्हणताना हवं तर जरा थांब. मी बाहेरच आहे, शब्द अडला तर हाक मार.

तुझीच,
आई