मावशीच्या आजारपणासाठी रजा, एचआर म्हणतंय ‘आंट चालत नाही’

प्रश्न थोडक्यात असा. वाचक टेक्ससमध्ये प्लेनोला आयटीत आहेत, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, एकाच कंपनीत तीन वर्षं झाली. लहानपणी आई गेली, मिरजेच्या मावशीनं कॉलेजपर्यंत सांभाळलं. आता मावशीचा खुबा मोडलाय, ऑपरेशन झालंय, घरी करायला कोणी नाही, म्हणून सहा आठवड्यांची रजा मागितली तर एचआरनं कळवलं की एफएमएलएत (घरच्या आजारपणासाठी नोकरी राखून रजा देणारा अमेरिकेचा कायदा) नवरा-बायको, मुलं आणि आई-वडील बसतात, आंट नाही.

एचआरचं म्हणणं अर्धंच खरं आहे हो. १९९३ च्या या कायद्यात नुसती मावशी बसत नाही, सासूसुद्धा बसत नाही, पण तुम्ही १८ च्या आत असताना ज्या व्यक्तीनं आई-बापाच्या जागी राहून तुम्हाला वाढवलं ती व्यक्ती कायद्याच्या लेखी ‘पेरेंट’च असते. दत्तकपत्र, कोर्टाची ऑर्डर काही लागत नाही. वडील हयात असले तरी फरक पडत नाही. तुमची चूक एवढीच की पहिल्या मेलमध्ये ‘माय आंट’ लिहिलंत आणि समोरच्यानं तेवढंच वाचलं. आता नवीन मेल टाका, त्यात स्पष्ट लिहा की आई वारल्यावर अमुक वर्षापासून मी हिच्याच घरी होतो, जेवणखाण, शाळा, फी, आजारपण सगळं हिनंच बघितलं. पुरावा म्हणून असं साधं लेखी निवेदन पुरतं, तरी प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिची सही असेल तर तो कागद शोधून ठेवा, असल्या कागदानं एचआर लवकर गप्प बसतं.

बाकीच्या अटी म्हणजे १२ महिने नोकरी, मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम आणि तुमच्या ऑफिसपासून ७५ मैलांत कंपनीची किमान ५० माणसं. फुलटाइम आहात, तासांचं टेन्शन नाही, माणसांची संख्या तेवढी बघून घ्या. वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते, परत आल्यावर तीच किंवा तशीच पोस्ट आणि ग्रुप हेल्थ इन्शुरन्स चालू, फक्त तुमच्या वाट्याचा प्रीमियम भरत राहा. पगार मात्र नाही, टेक्ससमध्ये प्रायव्हेट कंपन्यांना पगारी फॅमिली लीव्हची सक्ती करणारा राज्याचा कायदाही नाही, आणि कंपनी तुमची साठलेली पगारी सुट्टी (पीटीओ) आधी याच रजेत वापरायला लावू शकते.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट कंपनी मागेलच. डब्ल्यूएच-३८०-एफ नावाचा फॉर्म असतो, तो मिरजेच्या सर्जननं भरला तरी चालतो, पेशंट दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कंपनीला घ्यावंच लागतं. मागितल्यापासून साधारण १५ दिवसांत द्यायचं असतं, तेव्हा ओळखीच्या कोणालातरी आत्ताच हॉस्पिटलात पाठवा, आपल्याकडे डॉक्टर ओपीडीतून मोकळे होऊन फॉर्म भरणार कधी ते तुम्हाला माहितीच आहे. फॉर्ममध्ये ‘हिप सर्जरी’ एवढंच नको, किती आठवडे उठ-बस, अंघोळ, फिजिओला माणूस लागणार ते लिहून घ्या.

व्हिसाची भीती तुम्ही विचारली आहे. काम नाही म्हणून कंपनीनं बिनपगारी बसवणं एच-१बीत बेकायदा आहे, पण स्वतःहून मागितलेली रजा वेगळी, नियमात आजारी नातेवाइकाची सेवा हे उदाहरणच दिलंय. रजा मंजुरीचं पत्र आणि आधीच्या पे-स्लिपा सोबत ठेवा, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय का तेही तिकीट काढायच्या आधी बघा, कारण तो प्रश्न रजेच्या कायद्यानं सुटत नाही, परतताना कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट लांबली तर कंपनी मंजूर रजेपुढे थांबायला बांधील नाही.

आणि बायकोला तुमच्या मावशीसाठी तिच्या ऑफिसातून ही रजा मिळणार नाही, तिनं तिची व्हेकेशन वापरावी.

नवीन मेलनंतर कंपनीनं पाच कामकाजाच्या दिवसांत पात्रतेबद्दल लेखी कळवायला हवं. तरीही नाहीच म्हणाले तर लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि तक्रार केली म्हणून काढून टाकणं हाही कायद्याचा वेगळा भंग धरला जातो. मेल आजच टाका, फोनवर बोलणं झालं तरी मागून लिहून पाठवा.