मिनॉक्सिडिल सुरू करण्याआधी एवढं बघ

मित्रा, केस विरळ होताहेत हे वेळेत लक्षात आलं हे बरं झालं. मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं पातळ औषध) आणि फिनास्टेराइड (पोटात घ्यायची गोळी) ही केसगळतीवरची औषधं, आहेत ते केस टिकवण्यात जास्त कामी येतात, गेलेले परत आणण्यात कमी.

आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. गळती आनुवंशिकच आहे याची खात्री होऊ दे.

सुरुवातीला ५ टक्के मिनॉक्सिडिल पुरे: १ मिलि, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. भांग पाडून थेंब थेट कातडीवर पडू दे. नुसतं केसांना चोपडून उपयोग नाही. नंतर हात धू.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पहिल्या काही आठवड्यांत केस जास्तच गळू लागतात आणि घाबरून औषध सोडलं जातं. सोडू नकोस! विश्रांतीतले जुने केस गळून त्याच मुळांतून नवे येत असतात. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात फोटो काढ आणि ६ महिने तरी निकाल लावू नकोस.
- दुप्पट लावणं. केस दुप्पट येत नाहीत, टाळू मात्र खाजते.
- फरक दिसला की बंद करणं. मिळालेलं काही महिन्यांत जातं.

फिनास्टेराइडची १ मिग्रॅची गोळी प्रभावी आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अजिबात नको. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी जाणवते. तसं झालं तर लाजू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग.