आई-वडील ठणठणीत असताना मुलाला हिमोक्रोमॅटोसिस कसा होतो?

कारण हा आजार, म्हणजे अंगात जादा लोह साठत जाणं, बहुतेक वेळा सुप्त जनुकातून येतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएफई जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आई-वडिलांकडे असली, तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. मुलाकडे दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता प्रत्येक खेपेला २५ टक्के.

बिघाड केवढासा! सी२८२वाय या बदलात प्रथिनातल्या २८२व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन येतं. प्रथिनाची घडी नीट बसत नाही, ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, आणि अंगात लोह पुरेसं आहे हे यकृताला कळत नाही. मग यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक कमी बनवतं. आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहावर चाप असतो तो याच हेप्सिडिनचा. तो सुटला की गरज नसतानाही लोह येत राहतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृत, स्वादुपिंड, हृदय, सांध्यांत साठतं. पाळीत रक्ताबरोबर लोह जात असल्याने बायकांत लक्षणं बहुधा उशिरा दिसतात.

दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही अनेकांना आजार होत नाही, म्हणून नुसत्या जनुक-अहवालाने घाबरू नका. अंगात लोह किती आहे हे सांगणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बघा. भावंडांचंही तपासून घ्या. उपचार म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त काढणं: ५०० मिलीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं.

आयर्लंडमध्ये सी२८२वाय फार आढळतो, भारतीयांत क्वचितच. आपल्याकडे लोह साठलेलं दिसलं, तर आधी थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) आणि वारंवार दिलेलं रक्त यांचा विचार करा. अशा रुग्णांना सहसा लोह बाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्ससारख्या गोळ्या देतात.